तीनशे उलटे वेढे

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

वीज मोजायच्या जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनाची तुझी पुस्तिका मिळाली. होकायंत्राच्या सुईपासून आजच्या मीटरपर्यंतचा इतिहास बरा लिहिलायस. पण आपल्या घरच्या गॅल्व्हॅनोमीटरच्या पाटीवर ‘संपूर्ण बांधणी : बाबा’? चौकट त्यांची, तबकडी त्यांची, मान्य. रेशीम गुंडाळलेली ती केसाएवढी तार मात्र त्यांच्या हातून दर खेपेला तुटायची. तीनशे वेढे आईने घातले, खिडकीत बसून, मोठ्याने मोजत. मध्ये हाक मारली की आपल्याला धपाटा. आई डावरी, म्हणून वेढे उलटे पडले आणि त्या यंत्राचा काटा इतरांच्या उलट जातो. सेल जोडून बघ. पाटी बदलली नाहीस तर उद्घाटनाला मी आईला आणणार नाही. पहिल्या रांगेत मांडायला ती फुलदाणी नव्हे.

लोभ आहे, किती टिकवायचा ते तू बघ.

ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

शिकवणं सोडून वीस वर्षं झाली, तरी तुझी छडी काही खाली जात नाही. काटा उलटा जातो हे मलाही दिसलं होतं. जोडणीतली चूक समजून मी तारेची टोकं अदलाबदल करून सोल्डर करून घेतली. आता तो शहाण्यासारखा सरळ जातो. तेव्हा तुझा पुरावा संपला. हातभार लावला म्हणून कुणी कारागीर होत नाही. पक्कड तर मीही द्यायचो. पाट्या छापून झाल्यात. आईची तक्रार नाही, तुझीच आहे. गाडी पाठवतो, तिला तयार ठेव.

राग आवरलास तर लोभ ठेवावा.

धाकटा

दि. १४ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

ताई पत्र लपवत होती, मी ओढून घेतलं. माझी तक्रार नाही हे तुला कुणी सांगितलं? मला तर कुणी विचारलंच नाही. तुझे बाबा असते तर त्यांनी तुझा कान धरला असता.

पाटी राहू दे. चौकट, तबकडी, स्क्रू त्यांचे आहेत, तेही राहू देत. तारेचं वेटोळं माझं आहे, ते मला परत हवंय. हे पत्र घेऊन आलेला माणूस ताईच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना मदतनीस. सोल्डर सोडवायचं सामान त्याने सोबत आणलंय. त्याला प्लग कुठे आहे ते दाखव. गाडी पाठवू नकोस.

आशीर्वाद तेवढे परत मागत नाही.

आई