पुढच्या खोलीचा कब्जा

मी, तुळजाबाई सुधाकरराव गावंडे, वय ७१, राहणार तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेलं नाही. धमकावेल असं घरात कोणी नाहीही. डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच चष्म्याशिवाय सुई ओवली आणि शेजारच्या विमलबाईच्या ब्लाउजची बाही उलटी लागलीय, हे रस्त्यापलीकडून ओळखलं. (ब्लाउज तिनं दुकानातून शिवून घेतला होता.)

१. शेत सुधाकररावांनी हयातीतच आमचा मुलगा जीवन याच्या नावावर केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या कागदात त्याला काही ठेवलेलं नाही, त्याबद्दल त्याचीही नसावी.

२. दीर चंपतराव माझ्या हातच्या सदऱ्याला भर लग्नात ‘घरगुती’ म्हणाले. तेव्हापासून ते दुकानचे शर्ट घालतात आणि बटण तुटलं की मागच्या दारानं माझ्याकडेच येतात. त्यांना बटणांचा डबा द्यावा. सुई त्यांची त्यांनी ओवावी.

३. नणंद प्रयागबाईंची ओटी मी हिरव्या ब्लाउज पीसनं भरली होती. तो पीस कुठं कुठं फिरून सून पूनम हिच्या डोहाळजेवणात परत आमच्याच घरी आला. कोपऱ्यात मी गुलाबी टाका घालून ठेवला होता, म्हणून कळलं. आता त्याची उशीची खोळ शिवली आहे, ती प्रयागबाईंना द्यावी. शिवलेलं कापड कुणाच्या ओटीत घालता येत नाही.

४. पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला, अक्षराभ्यासाला, बासरच्या सरस्वतीला निघालेल्या लेकरांसाठी उरल्यासुरल्या कापडाच्या पाटीच्या पिशव्या शिवून कपाटात ठेवल्या आहेत. त्या संपेपर्यंत वाटाव्यात. रंग लेकराला निवडू द्यावा, त्याच्या आईला नाही.

५. आता घर. मालकीचा पट्टा माझ्या नावाचा आहे. पुढच्या खोलीत आम्ही सासू-सुना शिवतो. दिवाळीनंतर जीवन म्हणाला, “आई, या खोलीत चिंध्याच तं हायेत. शटर लावू, मोबाईलवाल्याले भाड्यानं देऊ.” मी नाही म्हटलं, तर बायकोकडे वळून म्हणाला, “आईले आता काई समजून नाई राह्यलं.”

पूनम झबल्याचे काठ दुमडत होती. खाली मान घालून म्हणाली, “मंग मशीन कुठी ठेवायची?”

“ठेव नं सयपाकघरात.”

माझा जीव जळला. सून होऊन आले तेव्हा मी स्वयंपाकघरातच शिवायची. पुरुष जेवायला बसले की मशीन उचल, उठले की पुन्हा मांड. मी शिवलेल्या फ्रॉकांना फोडणीचा वास यायचा. पूनमवर ती वेळ मी मेल्यावरही येऊ देणार नाही. म्हणून पुढच्या खोलीसह संपूर्ण घर आणि शिलाई मशीन मी तिला देते. खोलीला शटर लावायचं की पडदा, हे तिनं ठरवावं. जीवनला ती घरात ठेवून घेईल. ती माझ्यापेक्षा मऊ आहे. तिचा हातही माझ्यापेक्षा साफ आहे. हे तिला तोंडावर कधी सांगवलं नाही, म्हणून लिहून देते.

६. अंमलबजावणी बाबाराव किराणावाले यांनी करावी. ते काल म्हणाले, “वहिनी, जीवन कोर्टात जाईन. म्हणन, आई शुद्धीवर नोती.” बाबारावांनी घोर करू नये. मृत्युपत्र होतंय एवढं ऐकताच जीवन शेतातून मोटारसायकलवर आला आहे आणि पुढच्या खोलीचं माप घेतो आहे. त्यालाही मी एक काम दिलं आहे.

ठिकाण: तलमडुगु
तारीख: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) तुळजाबाई सुधाकरराव गावंडे

साक्षीदार:

१. संपूर्ण वाचून सही केली. बाबाराव, किराणा दुकानदार.

२. वाचत बसायला वेळ नाही. आई पूर्ण शुद्धीवर आहे आणि तिनं माझ्यासमोर, समजून-उमजून सही केली आहे. जीवन सुधाकरराव गावंडे, मुलगा.