कुलपाबाहेरचा दवाखाना

चांदा,
३ डिसेंबर १९५९

प्रिय शशी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. इथे सगळं ठीक आहे. बापूजीमामाचा दमा थंडीनं वाढलाय, तरी बाजारात जाऊन वांगी स्वतः निवडून आणायची त्याची हौस सुटत नाही. परवा घुग्घुसहून नीलाबाई येऊन गेल्या, आपल्या शेजारच्या क्वार्टरमधल्या. आपल्या तिथल्या घरात आता खाणीचे नवे डॉक्टर राहतात म्हणाल्या. अंगणातल्या पेरूवर कोळशाची काजळी बसते, तरी त्यांची मुलं पुसून पुसून खातात. त्या गेल्यावर वाटलं, आता शशीला लिहायलाच हवं. तुझ्या बाबांचं शेवटचं तुला कोणी नीट सांगितलंच नाही. तेव्हा तुझी डॉक्टरीची परीक्षा होती. नंतर तू विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही. तापानं गेले, एवढंच तुला ठाऊक.

येरमगुडा तुला सुट्टीपुरतंच आठवत असेल. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातून बैलगाडीनं जायचं. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि पुढे ओसरी. बाबा तिथे तालुक्याच्या जनपद सभेच्या अनुदानावरचे डॉक्टर होते. सभेनं अर्धा पगार द्यायचा, डॉक्टरनं गोरगरिबांना औषध फुकट द्यायचं, आणि बाकीचं आपलं आपण प्रॅक्टिस करून कमवायचं, असा तो ठराव. ज्यानं तो लिहिला त्यानं येरमगुडा पाहिलं नसणार. तिथे गोरगरीब सोडून दुसरं होतं कोण? लोक चारोळी देत, मोहफुलं देत, कोंबडी आणून ओसरीच्या खांबाला बांधत. सोनीबाईच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण बाबांनी पार पाडलं, तेव्हा ती मधाचं अख्खं पोळं पानात बांधून घेऊन आली. बाबा केवढे खूश झाले! मी नाही झाले. तुझ्या वसतिगृहाच्या फीत मध चालत नव्हता.

तरी निभत होतं. मग राज्य बदललं. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो आणि अनुदान थांबलं. औषधांची पेटीही येईना. बाबा इथे चांद्याला खेटे घालायचे. कचेरीतला कारकून माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमचा कागद नागपुराहून निघाला जी, पन मुंबईले पोचला का नाई, ते मले बी मालूम नाई." पूर्ण एक पावसाळा बाबांनी हिवतापावरच्या उरल्यासुरल्या कोयनेलवर काढला. शेवटी गोळ्या अर्ध्या मोडून द्यायची वेळ आली. घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीतली डॉक्टरची नोकरी तेव्हाच चालून आली, आणि आम्ही निघालो. गाडी जुंपली तसा गावचा म्हातारा सुकलू जुवाला हात लावून उभा राहिला. "आता कोन येईन?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "सरकार दुसरा डॉक्टर पाठवते, बाबा." त्यांना तसं खरंच वाटत होतं. सभेच्या माणसानं दाराला कुलूप घातलं.

घुग्घुसला सुख होतं, खोटं कशाला बोलू? ठरल्या तारखेला पगार, विजेचा दिवा, नळाचं पाणी. बाबांच्या अंगावर थोडं मांसही चढलं. मग एक दिवस येरमगुड्याचा लटारू खाणीत कामाला लागला आणि खरचटलेला हात दाखवायला आला. बाबांनी हौसेनं विचारलं, "नवा डॉक्टर कसा हाये रे?" लटारू म्हणाला, "कोनीच नाई आलं जी." आणि मलम लावून घेता घेता सहज सांगावं तसं त्यानं सांगितलं, की लोक अजून आजारी माणसाला खाटेवर घालून आणतात, ओसरीत ठेवतात, दिवसभर बसतात आणि मग परत नेतात. त्याची बहीण बुधरी तिथेच गेली. पोटातलं बाळही गेलं. बाबा म्हणाले, "पन कुलूप दिसत नाई का तुमाले?" तो म्हणाला, "दिसते ना जी. पन जाव कुठी?"

त्यानंतर बाबा जेवताजेवता थांबायला लागले. खरकट्या हातानं उठून दाराशी जायचे. "खाट टेकली बाहेर," म्हणायचे. बाहेर कोणी नसायचं. पाळी सुटलेले मजूर दूर रस्त्यानं जात असायचे, बस. मी आधी समजूत घातली, मग चिडले, मग त्यांचं ताट झाकून ठेवायला लागले. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि तो आवाज मलाही आला. वजन खांद्यावरून उतरवताना खाटेचे पाय एकेक करून जमिनीला लागतात ना, तसा. मी सूप टाकून धावले. अंगणात ऊन होतं. मी हे बाबांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

मग ते रजा काढून जायला लागले. स्वतःच्या पगारातून औषधं घ्यायची, पिशवी भरायची आणि आलापल्लीकडे निघायचं. कुलूप तसंच होतं. ते ओसरीत बसून रोगी पाहायचे. गेल्या वर्षी आश्विनात गेले तेव्हा निघतानाच त्यांचे डोळे लाल होते. मी म्हटलं, या खेपेला राहू द्या. म्हणाले, "हिवतापाचे दिवस हायेत, लोक वाट पाहत असतीन." सुकलूनं नंतर मला सगळं सांगितलं. दिवसभर त्यांनी लोकांना सुया टोचल्या, गोळ्या दिल्या. ऊन कलल्यावर म्हणाले, जरा पडतो. एक रिकामी खाट होती, तिच्यावर पडले. लोकांना वाटलं, थकून झोपले. कोणी बोलेना, लेकरांनासुद्धा दूर नेलं. अंग तापलेलं कळलं तेव्हा पिशवी रिकामी झाली होती. मी सुकलूला विचारलं, कुलूप तोडून आत तरी का नाही नेलं रे? तो म्हणाला, "सरकारचं कुलूप हाये, बाई. अन् आत काय होतं?"

ते त्या दाराबाहेरच गेले, शशी. लोकांनी त्याच खाटेवरून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. मी पोचले तेव्हा खांदेकरी माझ्यासमोर खाट उतरवत होते.

आता तुझ्या पत्राचं. येरमगुड्याचा दवाखाना पुन्हा उघडायचा ठरला आहे, बाई डॉक्टर हवी आहे, अटी पूर्वीच्याच, अर्धा पगार आणि खासगी प्रॅक्टिसची मुभा. तू लिहितेस, बाबांचं काम आहे, मी हो म्हणू का? नको म्हणू. असा अर्धा हो म्हणू नकोस. कचेरीला लिही की मी यायला तयार आहे, पण पूर्ण वेतनावर. औषधं वर्षभर पोचली पाहिजेत, हाताखाली शिकलेली दाई पाहिजे. लोक म्हणतील, बाप पदरमोड करून गेला आणि पोरगी पगारासाठी अडून बसली. म्हणू दे. बाबांच्या पदरमोडीतून गावाला बाबा मिळाले, डॉक्टर मिळाला नाही. ते गेले आणि संपलं. तुझ्यानंतरही तिथे कोणीतरी आलं पाहिजे, आणि तिच्यानंतरही. कचेरीनं मान्य केलं तर मी तुझ्यासोबत येईन, तुझा स्वयंपाक करीन, मध आला तर गाळून ठेवीन. नाही केलं तर तू नागपुरातच थांब आणि पुन्हा लिही. तोवर त्या ओसरीत कोण कोण येऊन बसेल, ते मला दिसतं. सोनीबाईच्या धाकट्या सुनेला आता दिवस गेलेत. तरी सांगते. पत्र लिहिताना कोणीतरी समजावेल की एवढं ताणू नये. पण 'पूर्ण वेतन' हे शब्द खोडू नकोस.

तुझीच,
आई