दाराशी पुसलेले बूट

मंगळवार संध्याकाळ, भांडुप

न्यूझीलंडहून येऊन आठवडा झाला, तरी तिथे सुमनच्या दाराशी ठेवलेले विलासभाऊजींचे बूट डोळ्यांसमोरून हलत नाहीत. यांच्या रिटायरमेंटनंतर गाडीने एवढा देश फिरलो, तो मुख्य म्हणजे त्या दोघांना भेटायला. चाळीत भिंतीला भिंत लागून होतो आम्ही.

"हे बाहेर गेलेत गं, येतील," असं ती दुपारभर म्हणत राहिली. कपाळाला टिकली होती. मला शंका का यावी?

निघताना आमचे हे गाडी काढायला गेले, तेव्हा तिने हळदीकुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. "तूच लावून घे." चाळीत स्वतःच्या हाताने कुंकू लावल्याशिवाय तिने मला कधी सोडलं नव्हतं. मी तिला लावायला बोट पुढे केलं, तर ती मागे सरकली.

तेव्हा कळलं. रागच आला आधी. माझ्यापासून लपवायचं? आणि बूट इतके चकचकीत. रोज पुसत असेल का?

यांना अजून सांगितलं नाही. मघाशी चहा घेताना म्हणाले, "विलासला फोन लाव ना, भेट राहूनच गेली."

"आत्ता नको," मी म्हटलं. "बाहेर गेले असतील. येतील."