उस्तादांची गोष्ट कुठे घालायची

९ जून, मंगळवार

निकाल आला. एकच पान. "बॉयलर ऑपरेटर यांनी पाण्याची पातळी घसरल्याचे पाहिल्यावर घंटा वाजवून जागेवर थांबणे आवश्यक होते. त्यांनी जागा सोडली व चार मिनिटे इस्त्री विभागात घालवली. याचे कारण त्यांच्या स्वतःच्या जबाबातही दिलेले नाही. सबब सेवेतून कमी करण्यात येत आहे."

कारण दिलेलं नाही! कारण होतं. दोन पानं भरून होतं. मी काढून टाकलं.

बाबांनी कागद हातात घेतला. चष्मा नव्हता, तरी वाचल्यासारखं केलं. मग घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "अक्षर छान आहे." टाइप केलेल्या कागदाला!

१० जून, बुधवार

डोक्यात तेच तेच फिरतंय. नीट क्रमाने लिहून काढतो, म्हणजे निदान कळेल की मी काय केलं.

बाबा मोठ्या लाँड्रीत बावीस वर्षं बॉयलर सांभाळतात. हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुतात. वाफ बॉयलरची. मागच्या महिन्यात एका दुपारी पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेना, म्हणजे बॉयलर फुटायचा धोका. बाबांनी बर्नर बंद केला, घंटा वाजवली. मग खोली सोडून शेजारच्या इस्त्रीच्या खोलीत गेले आणि तिथल्या अकरा बायकांना एकेक करून हाताला धरून बाहेर काढलं. शेवटची बाहेर आली आणि बॉयलरच्या नळ्या फुटल्या. भिंत पडली ती इस्त्रीच्या खोलीत. माणूस एकही गेला नाही. लाँड्री महिनाभर बंद.

मालक म्हणाले, हा घाबरून पळाला. चौकशी बसली. बाबांनी जबाब लिहायला मला सांगितलं. मी टायपिंगच्या दुकानात दुसऱ्यांचे अर्ज टाइप करूनच तर पोट भरतो! नववीत शाळा सुटली, पण माझ्या कागदात ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकत नाही. दुकानवाल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "लोक बोलतात दहा पानं, साहेब वाचतो एक. मुद्दा ठेवायचा, बाकी छाटायचं." ते काम मला जमतं. फार चांगलं जमतं.

बाबा सांगत गेले. पाणी दिसेना, बर्नर बंद केला, इथवर ठीक. मग म्हणाले, "आता उस्ताद सांगायचे..." आणि सुरू झाली त्यांची गोष्ट. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली बाबा हे काम शिकले ते. कधीच वारले. मी दोन पानं लिहून घेतली. नंतर लाल पेनाने रेघ मारली. वर लिहिलं : ऐकीव. विषयाला सोडून. आणि तो कच्चा कागद फाडून टाकला, कारण मला पसारा आवडत नाही.

११ जून, गुरुवार

युनियनच्या कारकुनांकडे गेलो. अपील करता येतं. मुदत अठरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत.

"नवीन काही असेल तरच ये. तेच तेच लिहून आणलंस तर मीच केराच्या टोपलीत टाकीन."

"कारण आहे, साहेब. एक गोष्ट आहे."

"गोष्ट?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "अरे, लोक काय बोलतायत माहीत आहे का? बायकांच्या खोलीत चार मिनिटं हा माणूस करत काय होता! आणि तू गोष्टी सांगणार?"

कान तापले. मी उठलो.

निघताना ते जरा मवाळ झाले. "लिही बाबा. पण कुठे घडलं, कोणत्या साली, ते हवं. नाहीतर ती आजीची गोष्ट होते."

१२ जून, शुक्रवार

बाबांना विचारलं. उस्तादांची ती गोष्ट पुन्हा सांगा.

"कोणती?"

"जबाबात सांगितलेली."

"ती तू काढलीस ना? बरोबर काढलीस. पाल्हाळच होतं."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. खरंच तसं वाटत होतं त्यांना! मी छाटलं म्हणजे ते छाटण्यासारखंच असणार. मुलगा शिकलेला आहे. नववी!

१३ जून, शनिवार

पुन्हा विचारलं. उठून बाहेर गेले.

आई म्हणाली, "त्यांच्या मागे लागू नकोस." ती डाळ शिजवत होती, उघड्या पातेल्यात. आमच्या घरात कुकर नाही. बाबांना शिट्टी सहन होत नाही. मामाने एकदा भेट दिला होता, तो बाबांनी दुसऱ्याच दिवशी परत नेऊन दिला. बॉयलर सांभाळणारा माणूस कुकरला भितो म्हणून सगळे नातेवाईक हसतात. मीही हसायचो.

आईला गोष्ट विचारली. तिला माहीतच नाही! "मला कधी सांगितली नाही बाई. कामावरच्या गोष्टी ते कामावरच ठेवतात."

पाच दिवस राहिले. मी स्वतःच्या हाताने रेघ मारली होती. लाल. सरळ, पट्टी लावून.

१४ जून, रविवार

कामावरच्या गोष्टी कामावर! मग कामावरच्या माणसांना विचारावं. हे सुचायला मला एक अख्खी सकाळ लागली.

त्या अकराजणींत एक रेडिओमावशी आहेत. सतत बोलतात म्हणून हे नाव. पत्ता शोधत गेलो. दारातच म्हणाल्या, "बॉयलरवाल्यांचा मुलगा ना तू? नाक तेच. ये. चप्पल बाहेर काढ. माझी एक अजून त्या भिंतीखाली आहे, तुझ्या वडिलांनी दंडाला धरून ओढलं तेव्हा राहिली. सांग त्यांना, जोड मोडला माझा!"

मी गोष्टीचं विचारलं तर हसत सुटल्या. "उस्तादांची? अरे, पाठ आहे आम्हाला! दुपारच्या जेवणाला महिन्यातून एकदा तरी व्हायचीच. आम्ही डबे उघडले की तुझे वडील दाराशी उभे. आत येऊन बसायचे नाहीत कधी."

मी वही काढली. त्या सांगतील तसं लिहिलं. एक शब्द गाळला नाही :

"उस्ताद सांगायचे, एका कारखान्यात एक बॉयलरवाला होता. तरणा. अंगात मस्ती. एकदा काचेत पाणी दिसेना. त्याने बर्नर बंद केला, घंटा बडवली, शेजारच्या वाळवणीच्या खोलीत डोकं घातलं आणि 'बाहेर पडा!' म्हणून ओरडला. आणि धूम ठोकली. त्याला वाटलं, झालं आपलं काम. पण मशिनं चालू होती. त्या आवाजात कुणाला घंटा, कुणाला हाक! जे दाराजवळ होते त्यांनी त्याला पळताना बघितलं म्हणून तेही पळाले. आत एक माणूस पाइप दुरुस्त करत होता, दाराकडे पाठ करून. तो राहिला."

"मग?"

"मग काय, तुझे वडील म्हणायचे : म्हणून हाक मारून भागत नाही. हात धरून बाहेर काढायचं."

"त्या आत राहिलेल्या माणसाचं काय झालं?"

मावशींनी मान हलवली. "ते नाही सांगायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, चला, जेवणं झाली, कामाला लागा."

कोणता कारखाना, कोणतं साल, त्यांनाही माहीत नाही.

परत येताना रस्त्यातच रडू आलं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. बाबांनी त्या चार मिनिटांचं कारण सांगितलं होतं. अगदी सरळ. ते फक्त दुसऱ्याच्या गोष्टीच्या आत ठेवलेलं होतं.

१५ जून, सोमवार

लिहायला बसलो. गोष्ट आधी घातली. वाचलं तर वाटतं, कुणी करमणूक करतोय. साहेब दुसऱ्या ओळीला सोडून देणार.

मग शेवटी घातली. आता ती सबब वाटते. आधी केलं, मग कारण शोधलं, असं.

तळटीप करून बघितली. तळटीप कोण वाचतं!

दुकानवाले काका मागून वाचत होते. "काय रे, उस्ताद-बिस्ताद? छाट की." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना म्हणालो, "नाही."

सहा मसुदे. सगळे भिकार.

१६ जून, मंगळवार

मिळाली जागा!

चूक अशी होत होती की मी विचारत होतो, गोष्ट किती महत्त्वाची आहे. विचारायला हवं होतं, ती बाबांच्या डोक्यात केव्हा आली. पाणी दिसेना तेव्हा नाही. तेव्हा हात काम करत होते. बर्नर बंद झाल्यावर हात मोकळे झाले. समोर घंटेचं बटण. तिथे!

म्हणून असं लिहिलं : "मी घंटेकडे हात नेला. तेव्हा मला उस्तादांनी सांगितलेले आठवले." मग ती गोष्ट. पूर्ण, पण बाबा दाराशी उभे राहून सांगतील तितकीच. आणि गोष्ट संपली की बाहेर यायचं ते त्याच बटणाशी : "मी घंटा वाजवली, पण तिच्यावर विसंबून न राहता आत गेलो."

आता ती चार मिनिटं चार मिनिटं राहत नाहीत. अकरा हात होतात.

मी आजवर किती जणांचे अर्ज छाटले असतील? "त्याचं असं झालं साहेब" म्हटलं की मी पेन खाली ठेवायचो.

दोन जागा टिंबं देऊन रिकाम्या ठेवल्यात. ".......... या कारखान्यात", ".......... साली". त्यांच्याशिवाय सगळं पोकळ. बाबांना विचारायची हिंमत नाही.

१७ जून, बुधवार

रेडिओमावशींनी सह्या आणून दिल्या. अकरापैकी सात. "बाकीच्या चौघी घाबरतात. त्यांना बोल लावू नकोस, त्यांना तिथंच परत कामाला जायचंय." सात! मला एकीचीही आशा नव्हती.

उद्या मुदत संपते.

१८ जून, गुरुवार

सकाळी बाबांना समोर बसवून अख्खं वाचून दाखवलं. आई दारात उभी होती. शेवटी मी त्या दोन रिकाम्या जागांवर बोट ठेवलं.

बाबांनी चष्मा मागितला. कारखान्याचं नाव सांगितलं. साल सांगितलं. आईच्या आणि त्यांच्या लग्नाच्या आदल्या वर्षाचं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि "उस्तादांनी सांगितलेले" यावर रेघ मारली. वाकडी.

"उस्तादांनी कुठून सांगितलं? ते आत राहिले. पळाला तो मी."