पत्र्याखालचे किडे

प्रिय दादा,

खामगावच्या शेतकरी मेळाव्यातलं तुझं भाषण मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं. तू मला पाहिलंस, म्हणूनच 'माझी बहीण' न म्हणता 'पिंपळगाव राजाच्या एक ताई' म्हणालास. पुण्याने किती सभ्य केलंय रे तुला! त्या ताईंचे मित्रकीटक उन्हात टिकत नाहीत, असले घरगुती दावे तपासून घ्यावेत, असं सांगून तू बाटलीतून थंड पाण्याचा घोट घेतलास. आमच्यासाठी माठ होता.

दुसऱ्या दिवशी भाऊराव भेंडीसाठी नेलेली ट्रायकोकार्डं, माझ्या मित्रकीटकांची ती चिकटपट्टी, परत घेऊन आले. दारातच उभे राहिले बिचारे. "बाई, तुहा सख्खा भाऊच म्हणते तं आमी काय करावं?" त्यांच्या मागोमाग बाकीचेही आले. अळीच्या अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या त्या इवल्या माशा आता माझ्या शेडमध्येच बसून आहेत, आणि शिवारात पुन्हा फवारणीचे पंप सुरू झालेत. पाच वर्षांत मी जमवलेला विश्वास तू एका घोटात संपवलास.

गंमत ही, की हे सगळं मला तूच शिकवलंस. एमएस्सीच्या सुटीत घरभर दिवे लावत-विझवत फिरला होतास. घर तेच, पण कुठला दिवा चालू आणि कुठला बंद ते बदलतं. तसंच तापलेल्या किड्याची जनुकं तीच राहतात, त्यांवरच्या खुणा बदलतात. म्हणून त्याची पिल्लं ऊन जास्त सोसतात. आणि ऊन मिळेनासं झालं, की काही पिढ्यांत त्या खुणा पुसल्या जातात. आई स्वयंपाकघरातून ओरडली होती, "बटनं तोडतं का बे?"

म्हणूनच दिवाळीला तुला तपासायला दिलेल्या किड्यांच्या डब्यावर मी लिहिलं होतं, दर पिढीला दुपारी थोडा वेळ तापवणे. तुला ते खेडवळ वाटलं असणार. तू त्यांना महिनोन्महिने एसीत ठेवलंस, आठ-दहा दिवसांना एक पिढी या हिशेबाने कितीतरी पिढ्या गारव्यात वाढवल्यास, आणि मग एक दिवस एकदम भट्टीत घातलंस. मेले. तिथे माझे काय, कोणाचेही मेले असते. हीच चूक विद्यार्थ्याने केली असती, तर तू त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतंस.

तसं आखाजीलाच, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमरस खाऊन तू अंगणात गाडीचा एसी लावून गाडीतच झोपलास आणि संध्याकाळीच पुण्याला निघालास. "हा इथंच जन्मला ना वो?" आईने मलाच विचारलं.

काल तू आईला फोन केलास. ठेवण्यात आपलीच गडबड झाली, योगीला आणखी एक डबा गुपचूप पाठवायला सांग, म्हणालास. दावा खोटा ठरवताना माईक, आणि चूक कबूल करताना आईचा कान! डबा मिळणार नाही, हे कळवायला हे पत्र. मे महिन्यात ये, पंधरा दिवस राहा, इथेच पत्र्याखाली तपास, आणि जे दिसेल ते त्याच माईकवर भाऊरावांसमोर सांग. आईने तुझी खाट शेडमध्येच टाकायला सांगितली आहे. किडे काही पिढ्यांत पुन्हा सरावतात. तुझं बघू.

मेळाव्यात नसले, तरी घरात तुझीच बहीण,
योगिनी