दुसरी पट्टी

दादा,

गाडी माझ्याकडे सोपवताना तू बजावलं होतंस, "दर रविवारी तेल बघत जा." एकही रविवार चुकवला नाही रे. इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, परत घालून बघायची. तेल कायम खुणेपर्यंत! तरी महिनाभर गिअर टाकला की गाडी जरा अडखळायची, मग हिसका देऊन निघायची. मला वाटलं, तिला तुझ्या हाताची सवय आहे.

आज मेकॅनिकने मागची दुसरीच पट्टी ओढून दाखवली. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं म्हणे! पट्टी जवळजवळ कोरडी. त्याने तेल भरलं, गाडी छान चालायला लागली.

"मग वाचली ना?"

"आतून किती झिजलीय, ते उघडल्याशिवाय कसं सांगू, ताई?"

म्हणजे बिघडलीय की नाही? माझं डोकंच चालेना.

संध्याकाळी तुझा फोन आला. गाडी कशी आहे, विचारलंस. "मस्त," म्हणाले. तू कसा आहेस, मी विचारलं. "मस्त," तूही म्हणालास. वहिनी तुला सोडून गेली तेव्हापासून दर रविवारी हेच विचारते, हेच ऐकते.

हे पत्र पाठवू की गाडीच्या कागदांत ठेवू, कळत नाही. दादा, तुझीही मी चुकीचीच पट्टी बघतेय का रे?

तुझी,
धाकटी