तूरडाळ, चौदाशे डिग्री

२९ जून २०२६, सोमवार

आजपासून रोजनिशी. शुद्ध मराठीत लिहायची, घरच्या भाषेत नाही. त्यानं कम्युनिकेशन सुधारतं, आणि पुढच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत.

मेकॅनिकल, तिसरं वर्ष पूर्ण. उद्या माझं इंडस्ट्रियल ट्रेनिंग संपतं. दौलतरावांची दालमिल, रिसोड, सहा आठवडे. पैकी पहिले चार दिवस मी प्रत्यक्ष मिलमध्ये होतो. मग धुळीनं शिंका सुरू झाल्या. तब्येत महत्त्वाची. उरलेला काळ मी मिलबाहेर राहून थिअरी केली. ठिकाण: हरीओमचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान, शेलूबाजार. हरीओम आमच्याच कॉलेजचा, मागच्या वर्षी इंजिनिअर झाला.

घरी हे माहीत नाही. लपवलेलं नाही. विषय निघाला नाही.

रिपोर्ट २० जुलैला सबमिट करायचा. वेळच वेळ आहे.

३० जून

ट्रेनिंगचा अखेरचा दिवस, म्हणून आईनं डब्यात पिठलं, ठेचा आणि नेहमीपेक्षा जास्त भाकरी दिल्या. मिलमधल्या लोकांसाठी ती रोजच वरच्या दोन-तीन भाकरी बांधते. कष्टाची मानसं हायेत, त्यायच्यासमोर एकट्यानं खाऊ नको, म्हणते. मी एकट्यानं कधीच खाल्लं नाही. हरीओम असतो. ठेचा त्याला फार आवडला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, दौलतराव बोलते का तुह्यासंग. म्हटलं, बिझी असतात.

बाबा आणि दौलतराव शाळेत एका बाकावर होते. पुढे ते मिलमालक झाले, बाबा भाजीपाल्यात राहिले, आणि बाबांनी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाही. माझ्यासाठी मागितलं. पहिल्या तोड्याची वांगी पिशवीत भरून गेले आणि मिलच्या आवारात उभे राहिले. मी बाजूलाच होतो. म्हणाले, पोट्टं एक दिवस दांडी नाही मारनार, माह्या जबानीवर ठेव.

हे वाक्य मला अधूनमधून आठवतं. आठवलं की मी मोबाईल पाहतो.

२ जुलै

सर्टिफिकेटसाठी मिलमध्ये गेलो. हजेरीबद्दल विचारलं तर काय बोलायचं, याची जीपमध्ये पूर्ण तयारी केली होती. वैद्यकीय कारण, नंतर ऑनलाइन लर्निंग, वगैरे. मुनीम बाबूसिंग यांनी काहीच विचारलं नाही. गुलाबरावचा पोट्टा ना तू, म्हणाले, आणि शिक्का मारला. दौलतराव बाहेरगावी होते, म्हणून सहीसुद्धा बाबूसिंगनीच ठोकली. वरून चहा पाजला.

चहा गोड होता तरी नीट गेला नाही. मिलची धूळ.

५ जुलै, रविवार

योगिनी मॅडम आमच्या गाइड. त्यांनी ग्रुपवर फॉरमॅट टाकला. डावी मार्जिन दीड इंच. टाइम्स न्यू रोमन, बारा. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, पुढे साधे. शेवटी लिहिलंय, फॉरमॅट चुकला तर रिपोर्ट परत.

निर्धार: रोज पाच पानं.

आज कव्हर पेज केलं. मिलचं नाव वीस साइजमध्ये दबल्यासारखं दिसतं आणि बावीसमध्ये उगाच मोठेपणा वाटतो. एकवीस केलं. मग बॉर्डर. तीन रेघांची घेतली, बाहेरची जाड. आजच्या पाच पानांपैकी एक झालं, पण ते कव्हर आहे. कव्हर एकदा जमलं की आतलं आपोआप होतं.

८ जुलै

अॅक्नॉलेजमेंट लिहिलं. दौलतरावांचे आभार, बाबूसिंग यांचे आभार, मिलमधल्या समस्त कामगारवर्गाचे आभार, ज्यांच्या डब्यात डबा मिसळून मी खूप काही शिकलो. शेवटी आई-बाबा. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. इतकं मनापासून लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं.

डिक्लेरेशनपण झालं. सदर काम माझं स्वतःचं असून कुठूनही घेतलेलं नाही. खाली सही. मेकॅनिकल इंजिनिअरला शोभेल अशी सही नव्हती, ती बसवण्यात दुपार गेली.

१२ जुलै, रविवार

आढावा घेतला. कव्हर, सर्टिफिकेट, डिक्लेरेशन, अॅक्नॉलेजमेंट, इंडेक्स, आकृत्यांची यादी: सगळं तयार, नंबर अचूक. इंडेक्सप्रमाणे प्रकरण तीन, डाळ बनवण्याची प्रक्रिया, पान १९ ते ३१. फक्त ती पानं नाहीत.

चार दिवसांत जे पाहिलं ते लिहायला बसलो. तूर येते. तुरीची डाळ होते. नंतर पोती भरतात. साडेतीन ओळी झाल्या. स्पेसिंग वाढवून पाच.

तनुजा, माझी बहीण, बारावीत आहे. मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, दादा, फोड कशी पाडते, टरफल कशानं निघते, हे टाक ना. तिला हाकललं. लहान मुलांना फॉरमॅटमधलं कळत नाही.

१३ जुलै

हरीओम देवमाणूस आहे. त्यानं स्वतःचा तिसऱ्या वर्षाचा रिपोर्ट दिला. त्याचं ट्रेनिंग सिमेंटच्या कारखान्यात झालं होतं. प्रकरण तीन, पानं बरोबर तेरा. याला योग म्हणतात.

सिमेंट शब्द शोधून सगळीकडे एका झटक्यात तूरडाळ टाकलं. दोनशे चौदा ठिकाणी बदललं. कॉम्प्युटर ही काय चीज आहे.

हे कॉपी नाही. ढाचा एकच असतो. तिथंही कच्चा माल येतो, दळतात, पोती भरतात. वाचून काढणार होतो, पण आकृती ३.२ चा फोटो खाली सरकून बॉर्डरच्या बाहेर जात होता. त्यात रात्रीचे दोन वाजले. आई उठून पाणी देऊन गेली. बाबापण उठले होते. दारातून पाहिलं आणि लाइट राहू दे म्हणून गेले.

१५ जुलै

बाइंडिंग. अमरसिंगच्या दुकानात काळं रेग्झिन, सोनेरी अक्षरं. बाबा बाजारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकून तिकडेच आले. स्टुलावर बसून पाहत राहिले. अमरसिंगनं गरम ठसा दाबला, उचलला, आणि नाव उमटलं. बाबांनी विचारलं, यात शिवम कोनतं. अमरसिंगनं दाखवलं. मग म्हणाला, आन हे मधलं तुमचं, गुलाबराव.

बाबांनी हात सदऱ्याला पुसले आणि त्या नावावरून एक बोट फिरवलं. अक्षर ओलं तर नाही ना, म्हणून विचारलं.

मी दोन कॉपी सांगितल्या होत्या. अमरसिंग म्हणाला, तीन लागतात, एक कॉलेजला, एक कंपनीले, एक घरी. मी म्हटलं, कंपनीला सॉफ्ट कॉपी चालते. बाबा म्हणाले, असं कसं, ज्याच्या दारात शिकला त्याले हातानं द्या लागते. तीन झाल्या.

येताना जीपमध्ये तिन्ही रिपोर्ट बाबांच्या मांडीवर होते. शेजारच्या माणसाला सांगत होते, सहा आठवड्याची मेहनत हाय. मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर काही नव्हतं.

१७ जुलै

आईनं तिन्ही रिपोर्ट देवघरात ठेवून हळद-कुंकू वाहिलं. दसऱ्याला विळे-पावड्यांची करते तशी यथासांग पूजा. रेग्झिनवर कुंकवाचा डाग पडला. पुसायला गेलो तर म्हणाली, राहू दे, चांगलं असते.

बाबांनी दौलतरावांना फोन करून रविवारी चहाला बोलावलंय. माझा प्लॅन: रविवारी मला ताप. किंवा दौलतराव फार तर कव्हर पाहतील. मोठी माणसं आतलं वाचत नाहीत. आणि रिपोर्ट इंग्रजीत आहे. काळजीचं कारण नाही.

१९ जुलै, रविवार, संध्याकाळी

ताप आला नाही.

दौलतराव आले. पोहे झाले. बाबांनी देवघरातून रिपोर्ट आणून दोन्ही हातांनी त्यांना दिला. त्यांनी कव्हर पाहिलं, छान म्हणाले, मांडीवर ठेवला. इथं संपायला पाहिजे होतं. पण बाबांनी तनुजाला हाक मारली. म्हणाले, तू वाच आन मराठीत सांग, आमाले बी समजू दे. मी म्हटलं, टेक्निकल आहे, कंटाळा येईल. बाबा म्हणाले, त्यायचीच मिल हाय, त्यायले कायचा कंटाळा.

तनुजानं आभार वाचले. दौलतराव खूश झाले. बाबा म्हणाले, आता मशिनीचं वाच.

तिनं प्रकरण तीन उघडलं. एक ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, थांबली काहून. मग ती खाली मान घालून सांगत गेली. तूरडाळ चौदाशे डिग्रीवर भाजतात. ती थंड झाली की तिच्यात जिप्सम मिसळतात. अठ्ठावीस दिवसांनी डाळीची मजबुती तपासतात. उत्तम डाळ शंभर वर्षं टिकते.

दौलतरावांनी चष्मा लावला आणि रिपोर्ट मागून घेतला. आकृती ३.२. धगधगती भट्टी, आणि तिच्यापुढे हेल्मेट घातलेला हरीओम. ते म्हणाले, गुलाबराव, माही दाळ लोकं खाते गा, तिचं घर नाही बांधत.

ते हसले. त्यांचं पाहून बाबापण हसायला लागले आणि मध्येच थांबले.

दौलतराव माणूस चांगला. म्हणाले, बाबूसिंग सांगे का पोट्टं चार दिवस आलं आन मंग दिसलं नाही. मी म्हटलं तुलेच वावरात गरज पडली असंल, म्हनून बोललो नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, हाव, म्याच बलावलं होतं त्याले. वांग्यायची तोडनी होती.

आमच्या घरी खोटं बोललेलं बाबांना चालत नाही. सातवीत एकदा बोललो होतो तर दिवसभर ते माझ्याशी बोलले नव्हते. आज ते स्वतः बोलले. मित्रासमोर. हात जोडून.

दौलतराव निघाले तेव्हा बाबांनी त्यांच्या हातून रिपोर्ट काढून घेतला आणि वांग्यांची पिशवी दिली. हे राहू दे, म्हणाले, दुसरं लिवून देईन तो.

आई सैपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं. कप उचलून नेले.

नंतर बाबांनी मले एकच इचारलं. डबा कोन खात होतं.

म्हटलं, मी आन हरीओम.

बरं, म्हणाले. वाया नाही गेला.

शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन कानाखाली देल्या असत्या तरी चाललं असतं. मी चादर घेऊन पडलो तर जेवाले उठोलं. ताटात दाळ होती. खाल्ली नाही गेली.

२० जुलै

निर्धार: मॅडमला खरं सांगायचं. मुदत मागायची. प्रकरण तीन स्वतः लिहायचं.

सकाळी आईनं न विचारता डबा हातात दिला. जड होता. म्हटलं, आज कॉलेजला चाललो, मिलमध्ये नाही. ती म्हणाली, मंग हरीओमले दे. चिडून नाही बोलली. सरळ बोलली. डबा घेतला.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे सर होते. रिपोर्ट हातात घेतला, पाठीमागून पाहिला, बाइंडिंग वाकवून पाहिलं. पट्टी काढून डावी मार्जिन मोजली. दीड इंच. मान हलवली. मी बोलायला तोंड उघडलं, सर, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, हा डाग कशाचा. म्हटलं, आईनं पूजा केली. वा, म्हणाले, संस्कार आहेत. पुढचा.

पन्नासपैकी सत्तेचाळीस. वर्गात सर्वांत जास्त. योगिनी मॅडमनी फाइल मागितली, खालच्या वर्गाला नमुना म्हणून. नाही म्हणणार होतो. मग ठरवलं, निदान जिप्सम काढून देतो. पण तो परिच्छेद काढला की पान २३ पासून सगळे फोटो सरकतात आणि इंडेक्स चुकतो. तसाच पाठवला.

डबा उघडला नाही. हरीओमकडेही गेलो नाही.

घरी बाबांनी विचारलं, पास झाला का. म्हटलं, सत्तेचाळीस. ते म्हणाले, तुमच्या कॉलेजात दाळ कोनी खात नाही का.

आता पक्कं ठरलं. उद्या सकाळी सहाच्या जीपनं रिसोड. दौलतरावांपुढे कान धरायचे. नाकाला रुमाल बांधायचा आणि पूर्ण सहा आठवडे मिलमध्ये काढायचे. फॉरमॅट गेला खड्ड्यात. आईला डबा सांगितला, बाबांसमोर सांगितला. बाबांनी वर पाहिलं. कालपासून पहिल्यांदा त्यांचं तोंड जरा सैल झालं. अलार्म तीन लावलेत.

२१ जुलै, सकाळचे साडेनऊ

आताच उठलो.

बाबा घरात नाहीत. देवघरात मिलवाली कॉपी नाही. ओट्यावर डबा नाही. आईले इचारलं. म्हणाली, तुहे बाबा सात वाजेपर्यंत जीप थांबोवून उभे होते. मंग रिपोर्ट आन डबा घेतला, दौलतरावले खरं सांगतो म्हनले, आन तेच गेले रिसोडले. मिलवाल्यायनं दीड महिना आपल्या घरची भाकर नाही पायली, म्हने.

मले उठोलं काहून नाही, म्हटलं.

आई म्हणाली, मी उठोतच होती. तेच म्हनले, झोपू दे. रिपोर्टच्या पायी पोट्टं लय जागलं.